लाल शाईची पानं

गुरुजी, तुमच्याबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते एम.ए.च्या सेमिनारसाठी. तुम्ही चारशे वर्षांपूर्वीचे, युरोपातले ज्यू धर्मगुरू आणि मोठे पंडित. मी परतूरची, घरातली पहिली पदवीधर. आदर वाटायला हवा होता, पण वाटला हेवा. तुमचे आजोबा पंडित, वडीलही पंडित. पाच वर्षांचे तुम्ही वडिलांशेजारी बसून वाचताय, एक शब्द चुकला की ते तिथंच थांबवतात, परत वाच म्हणतात. असं थांबवणारं माझ्या घरात कुणीच नव्हतं. मला वाचताना हाक यायची ती पाणी भरायला.

आणि तुमच्या लोकांची ती रीत! धर्मग्रंथ जीर्ण झाला तरी जाळायचा नाही, माणसासारखा कबरस्तानात पुरायचा. ते वाचलं आणि मला आमची चूल आठवली. बारावीची परीक्षा देऊन मी आठ दिवस मंठ्याला मामाकडे गेले होते. परत आले तर आई चुलीपुढे, आणि तिच्या मांडीजवळ माझ्या वह्यांचे नुसते पुठ्ठे.

"माय, माह्या वह्या जाळल्या तू?"

"परीक्षा झाली नं तुही? आन् समद्या न्हाई जाळल्या. चांगली पानं ठिवली बराबर."

तिनं पेटीतून गठ्ठा काढला, साडीच्या काठानं बांधलेला. प्रत्येक पान लाल शाईनं भरलेलं: फुल्या, खोडलेली उत्तरं, 'पुन्हा लिही'.

"बघ, सरानं किती मेहनतीनं लिव्हलं तुह्यासाठी. बाकीच्यावर नुसती एक खूण व्हती, ती घातली चुलीत."

माझी बरोबर उत्तरं राख झाली होती. "अडाणी ती अडाणीच," मी म्हणाले. तिनं तव्यावरची भाकर उलटली, गठ्ठा परत बांधला. तो अजून पेटीत आहे.

गुरुजी, तुम्ही म्हातारपणापर्यंत शिष्यांना शेजारी बसवून शिकवलंत. मीही रोज गल्लीतल्या वीस पोरांची शिकवणी घेते. आई मात्र अजून अंगठा देते. तिच्या शेजारी पाटी घेऊन मी एकदाही बसले नाही.

आत्ता ती समोर शेंगा फोडत बसलीये. "काय लिहून राह्यली इतकं?" विचारते.

"अर्ज," मी म्हणते.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, ते ठीक आहे. पण एक सांगते: हे सगळं तिच्यासमोर बसून लिहिता आलं, कारण तिला वाचता येत नाही.