तुझ्या आहारवाल्याची छाननी

प्रिय ठमे,

मावशी काल येऊन सांगून गेली, की तू तुझ्या त्या आहारवाल्याशी बोलणं टाकलंस. लग्नाच्या नोंदणीची तारीख घ्यायला दोघं जाणार होतात, तेही रद्द केलंस म्हणे. तिने कारण विचारलं, तर तू म्हणालीस, जो माणूस माझ्या आईच्या तब्येतीबद्दल माझ्याशी खोटं बोलतो, तो उद्या कशाबद्दलही खोटं बोलेल. वर्षभर मी हेच घडायची वाट पाहत होते. बातमी ऐकून मला आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. पण मावशी गेल्यावर मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले आणि समोर दूध उतू गेलं. फोन केला तर तू मध्येच तोडशील, म्हणून सगळं लिहून पाठवते आहे. सुरुवातीपासून वाच. शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड मला माहीत आहे.

माझा त्याच्यावर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता, हे मी कधी लपवलं नाही. तो आहारतज्ज्ञ आहे असं तू सांगितलंस, तेव्हा बरं वाटलं होतं. मग म्हणालीस, थीम पार्कात नोकरीला आहे, तिथल्या रेस्टॉरंटांत कशात किती साखर, किती मीठ, किती तेल ते लोकांना सांगतो. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. जिथे माणसं स्वतःला उलटं टांगून घेतात आणि खाली उतरल्या उतरल्या तळलेल्या बटाट्यांवर तुटून पडतात, तिथे पौष्टिक खा म्हणून सांगणारा माणूस पगार देऊन कोण ठेवेल, आणि कशासाठी? तो लोकांची समजूत घालायलाच बसवलेला असणार, की खा, काही होत नाही. असा माणूस घरीही बायकोची समजूतच घालत राहणार. मी तुला हे बोलून दाखवलं, तू अर्ध्या जेवणावरून उठलीस आणि पुढच्याच महिन्यात ऑफिसजवळ खोली घेतलीस. तेव्हापासून आपल्या दोघींत 'जेवलीस का' आणि 'हो' यापलीकडे काही झालेलं नाही.

तू म्हणतेस मी संशयी आहे. आहेच. विमा कंपनीत दाव्यांची छाननी करण्यात माझा जन्म गेला. गळ्यात पट्टा अडकवून कण्हत आलेला माणूस परत जाताना जिना कसा धडाधड उतरतो, ते मी खिडकीतून पाहिलेलं आहे. निवृत्त झाले म्हणून डोळे मिटून बसता येत नाही, आणि जगही काही सुधारलेलं नाही. चष्मेवाल्याने थोड्याच दिवसांत दुसऱ्यांदा नंबर बदलला. मी त्याला तोंडावर सांगितलं की काचा खपवायचा हा धंदा मला कळतो. नवी चप्पल अंगठ्याला चावली, ती जखम अजून भरत नाही, इतकं निकृष्ट चामडं त्या दुकानदाराने माझ्या गळ्यात मारलं. आणि पाण्याचा नवा फिल्टर बसवल्यापासून कितीही प्यायलं तरी तहान भागत नाही. फिल्टरवाल्याला बोलावून चांगलं फैलावर घेतलं, तर तो म्हणतो, पाण्यात काही दोष नाही. म्हणजे दोष माझ्यातच.

तर तुझ्या त्या माणसाचीही छाननी करायची असं मी ठरवलं. तू त्याला घरी आणणार होतीस तेव्हा मी मुद्दाम मावशीकडे जाऊन बसले होते, त्यामुळे तो मला ओळखणार नाही याची खात्री होती. मावशीला बरोबर घेतलं. तिला पाळण्यात बसायचं होतं, मला पुरावा हवा होता. जेवायच्या मोठ्या दालनात शिरलो तर भिंतभर पडदे, त्यांवर चकचकीत चित्रं आणि चित्रांखाली मुंगीएवढ्या अक्षरांत आकडे. टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला. तो फोनने टिपला की कशात काय आहे ते कळतं म्हणे. माझ्या फोनवर आधी संध्याकाळच्या कारंज्यांची जाहिरात आली, मग भुताच्या घराची, आणि आहाराची माहिती यायच्या आत फोनने मान टाकली. भिंतीवर सॅलडच्या चित्राखालचा आकडा इतका कमी होता, की मला हसू आलं. असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी तो तिथल्या तिथे फेटाळला असता.

कोपऱ्यात आहार-माहितीची पाटी आणि खिडकी होती. आत तुझा तो बसलेला. फोटोत दिसतो त्यापेक्षा केस कमी आहेत, हे आपलं जाता जाता सांगते. मी चेहरा शक्य तितका पाडला आणि म्हटलं, मला मधुमेह आहे, इथे काय खाऊ? एवढं नाटक दावेदारांकडून शिकलेच आहे. त्याने विचारलं, आजार कधीपासून, औषध कोणतं, सकाळी काय खाल्लंत. मी धडाधड ठोकून दिलं. मग तो सांगू लागला. सॅलडचा आकडा नुसत्या पाल्याचा आहे, वर ओततात तो सॉस त्यात धरलेला नाही. नूडल्सचा आकडा एका जणापुरत्या वाढणीचा आहे, पण प्लेटमध्ये जवळजवळ दोघांचं येतं. रसाच्या पाटीवर ताजा लिहिलंय, पण तो बाटलीतूनच ओततात. मी गळ टाकला. शुगर-फ्री केककडे बोट दाखवून म्हटलं, मग हा घेते, यात साखरच नाही. तो म्हणाला, "साखर नाही हे खरं, पण मैदा आहे, आणि पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. तुमच्यासाठी हा नको." स्वतः उठून भटारखान्यात गेला, भाजलेल्या भाज्या आणि अंडी लहान मुलांच्या वाढणीत सांगून आला, सॉस वेगळा द्यायला लावला. मी बोलता बोलता त्याच्या खिडकीवरचा पाण्याचा जग रिकामा केला, तर त्याने न बोलता दुसरा भरून आणला.

आता मला सांग, मालकाच्या खुर्चीत बसून मालकाचाच माल नको म्हणणारा माणूस एक तर प्रामाणिक असतो, नाहीतर पोचलेला. मी दुसरं धरलं. एक वस्तू नाकारून विश्वास मिळवायचा आणि दुसरी खपवायची, ही युक्ती जुनीच आहे. प्लॅस्टिकच्या एका झाडाआड टेबल धरून मी त्याच्यावर नजर ठेवून बसले. मावशी मजेत आइस्क्रीम खात होती. एक बाई आली, तिच्या मुलीला शेंगदाणे चालत नव्हते. त्याने तिला सांगितलं, की इथे सगळं एकाच तेलात तळतात, तेव्हा तळलेलं काहीच घेऊ नका. तेवढ्यात त्यांचा मॅनेजर आला आणि तोंडभर हसत त्याच्या कानाशी लागला. ते हसणं मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय. मॅनेजर गेला, पुढचं गिऱ्हाईक आलं, आणि त्यालाही तुझ्या माणसाने तेलाचं तसंच सांगितलं. मग रांग सरल्यावर पाहते, तर हा खिडकीखाली वाकून तळलेले बटाटे खातोय. सापडला, म्हटलं. मावशी म्हणाली, "अगं, भूक लागली असेल." हिला नोकरीत ठेवली असती तर कंपनी आठवड्यात बुडाली असती.

संध्याकाळी घरात पाऊल टाकते तोच तुझा निरोप. 'आई, तुला मधुमेह आहे आणि तू मला सांगितलंही नाहीस?' इतक्या महिन्यांत तू मला पहिल्यांदा एवढं लांब वाक्य लिहिलंस. ते वाचून डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, पण माझं टाळकं फिरलं. म्हणजे याने मला ओळखलं होतं. म्हणजे तो भरलेला जग, ती अंडी, ते खरं खरं बोलणं, सगळा देखावा होता. त्या तिरीमिरीत मी तुला लिहिलं, 'मला काही झालेलं नाही. तो धादांत खोटं बोलतोय.' यातलं दुसरं वाक्य लिहिताना मला पुरतं ठाऊक होतं, की मधुमेहाचं मीच त्याला सांगितलंय. तरी लिहिलं. तुला तो नको व्हावा एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला चार शब्द सुनवायला पार्कात फोन लावला. मला वाटलं होतं, तो सारवासारव करेल. तो म्हणाला, "ओळखलं होतं, घरचे फोटो पाहिलेत मी. पण तुम्हाला ओळख द्यायची नव्हती, म्हणून मीही दिली नाही." तुला सांगितलं ते चुकलं असेल, पण दुखणं घरच्यांना माहीत असलेलं बरं, असं वाटलं म्हणाला. मी म्हटलं, मला मधुमेह-बिधुमेह काही नाही, मी तुमची परीक्षा घेत होते. मला वाटलं, आता हा चिडेल आणि माझं काम होईल. पण तो म्हणाला, "मग एकदा तपासून घ्या. तुम्ही फार पाणी पीत होतात. काही नाही निघालं तर मला बरंच वाटेल." तू त्याच्याशी बोलणं टाकल्यावरही त्याने हे तुला सांगितलेलं दिसत नाही. परीक्षेचा विषय तो काढता, तर मी तेव्हाच उघडी पडले असते.

त्याचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून मी रक्त तपासून घेतलं. आकडा पाहिला आणि म्हटलं, या लोकांनी नळ्यांची अदलाबदल केली. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा दिलं. तिथेही तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरेच दिवस असावा, इतके दिवस कळलं कसं नाही तुम्हाला? ठमे, तो खोटं बोलला नव्हता. खोटं मी बोलले होते, त्याच्याशीही आणि तुझ्याशीही, आणि माझं ते खोटंही खरं निघालं. मला भीती वाटते आहे. मावशीला अजून सांगितलेलं नाही, ती रडत बसेल. आधी त्याला फोन कर. माझ्यामुळे तुटलंय ते माझ्याकडे यायच्या आधी जोडून घे. मग ये, आणि त्यालाही घेऊन ये. डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याचा छापील तक्ता दिलाय, पण त्याचा मला भरवसा वाटत नाही. माझ्या ताटात काय वाढायचं ते त्याने सांगितलं तरच मी खाईन.

तुझीच,
वाट पाहणारी आई