चौदा महिन्यांचा कोयता

१२ जानेवारी
बाबांना जाऊन तीन महिने झाले. आज त्यांचा माळा आवरला. ट्रंकेमागे गोणपाटात गुंडाळलेला कोयता सापडला. आपल्याकडचा असतो तसा टोकाला वाकडा नाही. सरळ, लांब, पातं मधे झिजून खोलगट झालेलं. बाबांच्या हातात कधी पाहिल्याचं आठवत नाही. आईला दाखवला. "मला नाय म्हायत," म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.
दादा म्हणतो, भंगारात टाक, घरात हत्यार कशाला. परवा बाबांचा रेडिओही भंगारातच घातला याने. मी नाही देणार.

१५ जाने.
शाळेत शिकवणं आटोपून थेट शिरढोणच्या लोहाराकडे गेले. त्याने अंगठा फिरवला, उन्हात धरला. "हा आपल्या हिकडचा नाय, ताई. पोलाद परदेशी. पण शोभेचा नाय हां. चार बोटं रुंद असंल, आता दोनच उरलीत. रोज दगडावर घासलाय, रोज वापरलाय. ज्यानं वापरला त्याचे हात फुटले असतील." मुठीला डांबर लावलेली दोरी. तिची गाठ बघून म्हणाला, खलाशाची.
दादाला फोन केला, तर हसला. "तिकडे जिच्याकडे राहिले, तिने दिली असेल भेट."
फोन आपटला. बाप गेला तरी हे संपत नाही!
मी पाच वर्षांची होते. बाबा परदेशी जाणाऱ्या बोटीवर खलाशी होते, अचानक पत्रं बंद. चौदा महिन्यांनी परत आले, वाळलेले, काळे. गावाने ठरवून टाकलं, तिकडे बाई ठेवली होती. बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तेव्हापासून आई त्यांना वाढायची, समोर बसायची नाही. पनवेलला आलो तरी तेच. शेवटपर्यंत.

१९ जाने., रविवार
करंजाला, आमच्या जुन्या गावी गेले. धर्माकाका त्याच बोटीवर होते, परतले तेही बाबांबरोबरच. आईने त्या वेळी त्यांना विचारलं होतं, तर "मला म्हायत नाय" म्हणाले होते. आज ओट्यावर जाळं शिवत बसलेले. मी कोयता समोर ठेवला. सुई खाली पडली.
"ह्यो अजून हाय?"
मग बोलले. मालकाने बोट खलाशांसकट एका बंदरात सोडून दिली. जेवण संपलं, पाणी संपलं, एजंट कागदपत्रं घेऊन पसार. सात जण, त्यात गावचे हे दोघंच. केळीच्या बागांत रान साफ करायचं काम मिळालं, तेही जेवणावारी. कुठला देश? "अमेरिकेच्या खाली कुठंतरी. नाव तवाच तोंडात बसत नव्हतं." काकांना ताप यायचा. त्यांच्या वाट्याचं रानपण बाबाच तोडायचे, नाहीतर दोघांनाही जेवण नाही.
"मग सांगितलं का नाही?"
"बोटीवर गेलेला मानूस दुसऱ्याच्या बागेत मजुरी करून आला, ह्ये गावाला सांगायचं? तुझ्या बापानं, पांडूनं, शपथ घातली."
"आणि लोक बाई-बाई म्हणत होते ते चाललं?"
काकांनी पडलेली सुई उचलली. "शपथ व्हती, पोरी."
शपथ! तुमचा जीव त्यांनी जगवला आणि तुम्ही माझ्या आईचं अख्खं... चहा न घेता उठले.

२० जाने.
दादा: "म्हातारा ऐंशीचा. त्याला काल काय खाल्लं ते आठवत नाही." कागद नाही, फोटो नाही, मान्य. पण बाईची गोष्ट तरी कुठल्या कागदावर होती? ती बरी लगेच पटली सगळ्यांना!

२२ जाने.
आईला सांगितलं. वाटलं होतं रडेल. उसळली.
"धर्माला ठावं व्हतं आन् मला नाय? मी कोन व्हते त्याची? मजुरी केली म्हनून मी टाकला असता त्याला? माझा बाप मिठागरावर मजूरच व्हता!"
मी म्हटलं, त्यांना लाज वाटली असेल.
"त्याची लाज राखायला मी जलमभर तोंड फिरवून बसले व्हय?"
मलाही बाबांचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचाही.
जेवली नाही.

२५ जाने.
आज सकाळी आई इस्त्रीचं लुगडं नेसून करंजाला निघाली. एकटी. "मी येते," म्हटलं तर, "तुझं इचारून झालं. आता माझं मी इचारीन."
चारपर्यंत परत येणार होती. साडेपाच झाले. फोन उचलत नाही. शेवटी काकांच्या सुनेला लावला.
"दोघं ओट्यावर बसलीत कधीची. भांडतायत का रडतायत, कायच कळत नाय. चहा घेऊन भाईर गेले, तर तुमच्या आई म्हनाल्या, मधी येऊ नको."