वहिनींचा भाग

प्रिय बयो,

पत्र बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे. जेवतो, फिरायला जातो, गोळी सकाळीच घेतो. तू फोनवर रोज विचारतेस त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ अशी आहेत. हाताशी फोन असताना पत्र कशाला, ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू मधलं काही वाचणार नाहीस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि तो कुणावर गेलाय तेही.

खोलीचे फोटो मिळाले. जावईबापूंनी रंग स्वतः दिलाय हे कोपऱ्यांवरून कळतं, पण खिडकीची चौकट छान झाली आहे. टेबलही उजेडाच्या बाजूला ठेवलंस. महिनाअखेरीला मी इथलं घर बंद करायचं, ऑफिसातलं काम गोलूकाकाच्या हवाली करायचं आणि कायमचं तुमच्याकडे यायचं, असं आपलं ठरलं. ठरलं म्हणजे तू बोललीस आणि मी ‘बरं’ म्हणालो. तर ते काम हवाली करताना जे झालं, ते तुला लिहितो आहे.

आमचं काम तू लहानपणापासून जेवणाच्या टेबलावर ऐकत आलीस आणि तू कधी त्यात लक्ष घातलं नाहीस. बरंच केलंस. पण आता थोडं सांगावं लागेल. लहान दवाखान्यातला पेशंट मोठ्या डॉक्टरला लांबून व्हिडिओवर दिसावा, एवढाच आमचा प्रोग्राम. लॅपटॉप चाकाच्या ट्रॉलीवर असतो. खोलीत असताना त्याला भिंतीतली वायर जोडलेली असते. पेशंटला हलवलं की सिस्टर वायर उपसते आणि ट्रॉली घेऊन निघते, मग लॅपटॉपने वायफाय धरायचं, आणि तेही नसेल तर मोबाइलचं नेट. म्हणजे बाहेर जायची तीन दारं. कुठलं बंद झालं आणि कुठलं उघडलं हे प्रोग्रामला ताबडतोब कळायला हवं, नाहीतर डॉक्टर बोलता बोलता गोठतो. तोंड उघडं, एक बोट वर.

हे कळवण्याची रीत कॉम्प्युटरच्या प्रत्येक सिस्टिमची वेगळी. लिनक्स बारीकसारीक सगळं सांगतं. दार लोटलं, कडी लागली, पत्ता गेला, नवा पत्ता आला, एकामागून एक. त्यातलं कामाचं काय ते आपण वेचायचं. ते माझ्याकडे होतं. मॅक नेमकं काय बदललं ते सांगतं, पण आपला कोणीतरी तिथे वाट बघत बसलेला हवा. तो भाग गोलूकाकाचा, बसायचं काम त्याला आवडतं. विंडोजवर आम्ही जी जुनी पद्धत वापरतो, ती फक्त ‘काहीतरी बदललं’ एवढंच सांगते, आणि तेही एकदाच. पुढचा बदल कळायला हवा असेल तर दर वेळी पुन्हा सांगून ठेवावं लागतं, की बाई, पुढचंही कळव. तो भाग तुझ्या आईने लिहिला होता. ऑफिसात त्याला ‘वहिनींचा भाग’ म्हणतात. ती गेल्यापासून तो कुणी उघडला नव्हता. मीही नाही. चालत होता, त्यामुळे उघडायची वेळही आली नव्हती.

मी जायच्या आधी एका मोठ्या रुग्णालयाचं काम मिळावं, अशी गोलूकाकाची फार इच्छा होती. त्यांनी आठवडाभर वापरून बघतो म्हटलं. त्यांचे सगळे लॅपटॉप विंडोजचे. पहिल्याच दिवशी तक्रार आली की कॉल तुटतो. सगळ्यांचा नाही, एकाच सिस्टरचा. आम्ही दोघं बघायला गेलो. उंच, सडसडीत बाई, चालते म्हणजे जवळजवळ पळतेच. तिने वायर उपसली, ट्रॉली वळवली आणि आम्ही दारातून बाहेर पडेपर्यंत ती लिफ्टपाशी, डॉक्टर गोठलेला. दुसऱ्या सिस्टर शांतपणे निघाल्या तर कॉल चालू. गोलूकाका धापा टाकत तिच्यामागे गेला आणि म्हणाला, “सिस्टर, जरा हळू नेता येईल का?” ती म्हणाली, “पेशंट हळू आजारी पडायला लागले की मीही हळू जाईन.” गोलूकाका तिथूनच मागे फिरला. परत येताना गाडीत मला म्हणाला, “बाई बरोबर बोलली रे, पण किती चटकन बोलली.”

मग आमच्या लक्षात आलं की ऑफिसात हे कधीच का दिसलं नाही. आमच्याकडे ट्रॉली घेऊन चालायची चाचणी कायम गोलूकाका करायचा. त्याचा गुडघा तुला माहीत आहे. इतकी वर्षं आमचा प्रोग्राम त्या गुडघ्याच्या वेगाने पास होत होता.

पुढचे काही दिवस ऑफिसात विचित्र गेले. गोलूकाकाने वायर बदलल्या. मग वायफायचा नवा डबा आणला. मग भिंतीला दोष दिला. मी खोलीत शिरलो की सगळे एकदम हवापाण्याबद्दल बोलायला लागायचे. एकदा तर मी शिरलो तेव्हा गोलूकाका कोणालातरी “आणि पंखाही आवाज करतो” असं सांगत होता, आणि त्या खोलीत पंखाच नाही. एवढ्यात एक तोडगाही निघाला, की विंडोजने कळवायची वाटच बघायची नाही, आपणच दर सेकंदाला दारं मोजून यायची. मी विचारलं, याने लॅपटॉप तापेल, बॅटरी उतरेल, आणि एका सेकंदात दोन बदल झाले तर मधला हुकेलच, हे कोणाला सुचलं? कोणी कबूल होईना.

शेवटी शंकासुराने तोंड उघडलं. शंकासुर म्हणजे आमची तपासनीस, तू तिला एकदा भेटली आहेस, चष्मा डोक्यावर ठेवून शोधत असते ती. नाव आईनेच ठेवलं होतं, कारण सूर्य उगवला तरी ती ‘कशावरून?’ विचारेल. ती माझ्या टेबलापाशी आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, “सर, चूक मॅडमच्या भागात आहे. हे इथे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्हाला सांगायचं कोणी, यावर चिठ्ठ्या टाकायच्या बाकी होत्या.” मागे गोलूकाकाने डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, उघडा.

बयो, मला वाटलं होतं की ते बघून मला त्रास होईल. तसं काही झालं नाही. आईची लिहिण्याची पद्धत मला पाठ आहे, तरी तो भाग मी शंकासुराला शेजारी बसवून ओळीओळीने वाचला. चूक सापडायला फार वेळ लागला नाही. विंडोजने ‘काहीतरी बदललं’ असं कळवलं की आईचा प्रोग्राम काय करायचा? आधी जाऊन बघायचा की काय बदललं. मग ते चित्राच्या भागाला सांगायचा, आवाजाच्या भागाला सांगायचा, पडद्याच्या भागाला सांगायचा, सगळ्यांना सविस्तर. हे सगळं आटोपल्यावर मग विंडोजकडे परत येऊन म्हणायचा, ‘हां, पुढचंही कळव.’ हळू चालणाऱ्या माणसाला हे पुरत होतं. पळणाऱ्या सिस्टरच्या बाबतीत मात्र वायर गेल्याची बातमी घरभर वाटून होईपर्यंत वायफाय येऊनही जायचं, आणि ते ऐकायला दारात कोणी नसायचं.

बयो, ही तुझी आई आहे की नाही? एक बातमी कळली की शेजारी, मावशी, आत्या, खालची शिंपीण, सगळ्यांना सांगून येणार, आणि तेवढ्यात घरी कोण येऊन दार वाजवून गेलं याचा पत्ता नाही. तुझा निकाल लागला त्या दिवशी तू शाळेतून घरी आलीस आणि ती तुझाच निकाल सांगायला बाहेर गेली होती. तू पायरीवर बसून होतीस.

मी पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणालो, “अगं बाई, आधी ऐकून तरी घे पूर्ण.” अगदी घरच्या सुरात. शंकासुराने चष्मा डोळ्यांवर ओढला. आणि मला हसू आलं. थांबेचना. मग गोलूकाका हसायला लागला, तो हसला की त्याची खुर्ची कुरकुरते, त्याने बाकीचे हसले. आणि मग एकेकजण बोलायला लागला. आई मीटिंगमध्ये दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कशी द्यायची. चहा अर्धा पिऊन कप कुठेही कसा ठेवायची, आणि नंतर दुसऱ्याचा उचलायची. गोलूकाकाला तिने एकदा त्याच्याच वाढदिवसाच्या गुपचूप पार्टीची वेळ फोन करून कळवली होती. ती गेल्यावर इतक्या महिन्यांत तिच्याबद्दल कोणी माझ्यासमोर असं बोललं नव्हतं. किती गुणी, किती हसतमुख, एवढंच. ते ऐकून मी मान हलवायचो, पण ती कोण बाई ते मला कळायचं नाही.

दुरुस्ती लहान होती. क्रम उलटा केला. बातमी आली की पहिल्याप्रथम ‘पुढचंही कळव’ म्हणून ठेवायचं, मग जाऊन बघायचं, मग क्षणभर गडबड शांत होऊ द्यायची आणि जे खरं असेल ते एकदाच सगळ्यांना सांगायचं. बाकी एकही ओळ मी बदलली नाही. बदलायची गरज नव्हती, लिहिलंय तिने सुरेखच. रुग्णालयात मी स्वतः गेलो. ती सिस्टर पूर्वीसारखीच पळाली, खोलीतून जिन्यापाशी, तिथून लिफ्ट, वरचा मजला, आणि डॉक्टर सबंध वेळ बोलत होता. तिने मागे वळून मला विचारलं, “आता काय केलंत?” मी सांगितलं, क्रम बदलला. ती म्हणाली, “एवढंच?” आणि गेली.

त्यांनी काम आम्हाला दिलं. त्यांना आता ते टॅबलेटवरही हवंय, म्हणजे चौथी सिस्टिम, तिची कळवायची रीत आणखी निराळी. गोलूकाका नुसता माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, तो भाग मी लिहितो.

तर पत्र एवढ्यासाठी. मी तिकडे राहायला येत नाही, बयो. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू दोन वाक्यं बोलली असतीस आणि मी पुन्हा ‘बरं’ म्हणालो असतो. रागावू नकोस, खोलीत पाहुणा म्हणून हक्काने येईन. आणि आणखी एक. तू फोन करतेस तेव्हा माझं जेवण, माझी गोळी, माझी झोप, सगळं विचारतेस, आणि आईचं नावही काढत नाहीस. मला त्रास होईल म्हणून काढत नाहीस हे मला कळतं. मीही तुझ्याकडे काढलं नाही, त्याच कारणाने. आता काढूया. सुरुवात मी करतो. तुझा तो हिरवा कोट लाँड्रीने नाही आकसवला, तिने घरी धुतला होता, आणि लाँड्रीवाल्याचं नाव पुढे करून मोकळी झाली. माझा अंदाज आहे की तुला हे तेव्हाच कळलं होतं. तिच्याशी त्यावरून भांडायचं राहून गेलं असेल तर रविवारी फोन कर आणि माझ्याशी भांड. मी तिच्या बाजूने भांडणार आहे.

तुझाच, आणि सध्या इथेच राहणारा,
बाबा