निळ्या खोळीचं कडं

प्रिय धाकटे,

रविवारी ड्रम देऊन टाकतेयस, आणि हे मला तुझ्या गिटारवाल्याने सांगायचं? तोही पँटची चेन बदलून घ्यायला आला म्हणून बोलला. मी काय मेले होते? सात महिने फोन उचलत नाहीस. शेवटी चौथी शिकलेल्या बाईला पेन धरायला लावलंस. अक्षराला हसलीस तर याद राख.

तू घर सोडून गेलीस तेव्हा वाटलं, सुटले बाई त्या भंगारातून. बाटल्यांची बुचं तारेत ओवून झांजेवर टांगायचीस. माझी बटणांची डबी कितीदा पळवलीस, तिचा खुळखुळा करायला. आणि ते कडं! आपली जुनी निळी उशीची खोळ फाडून शिवलेलं. ड्रमच्या तोंडावर कडेकडेने ते गोल टाकलं की पत्र्यासारखा ठणठणणारा ड्रम एकदम धप्प बोलायचा, उशीत बुक्की मारल्यासारखा. दुकानातलं कशाला हवंय ताई, म्हणायचीस. टाके मात्र असे वाकडे, की शिवणवालीची बहीण म्हणवून घेऊ नये.

तू जायच्या आधीच्या त्या हॉलमधल्या कार्यक्रमात तू काठ्या बदलल्यास, स्टूल पुढे ओढलंस, तरी आवाज फटफटच येत राहिला. एकदा माझ्याकडे बघितलंस. मी पिशवीत चष्मा शोधत बसले. चष्मा डोळ्यांवरच होता. घरी येऊन तू म्हणालीस, ताई, माझा हातच गेला. मी म्हणाले, बरं झालं, आता तरी धड नोकरी बघ. जीभ झडली कशी नाही माझी? दुसऱ्या आठवड्यात तू सामान उचललंस.

आता ऐक. तुझा हात गेला नव्हता. माझी अक्कल गेली होती. त्या कार्यक्रमाला माझी सगळी गिऱ्हाइकं येणार होती. त्यांच्यासमोर ड्रमवर चिंधी दिसणार म्हणून मला लाज वाटली. तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात मी माप घेतलं आणि रात्री तू झोपल्यावर नव्या निळ्या कापडाचं कडं शिवलं. तुला कळू नये म्हणून तुझे वाकडे टाकेसुद्धा मोजून तसेच घातले. तुझ्या पिशवीत माझं ठेवलं, तुझं काढून घेतलं. नवं करकरीत कापड, खळसुद्धा धुतलेली नव्हती. हॉलमध्ये पहिल्याच ठोक्याला मला कळलं होतं. घरी येऊन परात उपडी घातली आणि तिच्यावर तुझं कडं टाकून वाजवून बघितलं. धप्प! तेव्हा तू पलीकडच्या खोलीत रडत होतीस. दार उघडायचं होतं फक्त, तेवढंही जमलं नाही. तोंडाने सांगायची हिंमत अजून नाही, म्हणून लिहितेय. पाकीट जाड लागेल, तुझं कडं आहे त्यात. धुतलेलं नाही, इस्त्री केलेली नाही, एक टाका सरळ केलेला नाही. ते टाकून आधी वाजव, मग मला काय हव्या त्या शिव्या घाल. पण शनिवारी दुपारच्या आत कळव. रविवारी ड्रम घेणारा माणूस तो न्यायला येईल, त्याच्या आत.

तुझीच,
ताई