स्क्रीनची तार

गुरुवार, संध्याकाळ

चालत्या गाडीत व्हिडिओ लावणं कायद्यात बसत नाही, म्हणून हँडब्रेक ओढल्याशिवाय गाडीतल्या स्क्रीनवर चित्र येत नाही. मी मात्र घमापूरच्या मेकॅनिककडून हँडब्रेकची तार परस्पर जोडून घेतली, म्हणजे गाडी चालतानाही चित्र दिसतं. मॅच पाहायची होती ना!

आज सदर बाजारात एका म्हाताऱ्याच्या सायकलला धक्का दिला. मी स्क्रीनकडे पाहून राहिलो होतो. तो पडला, उठला आणि मलाच हात जोडून म्हणाला, "माफ करना साहब, गलती मेरी थी."

आणि मी? "देखकर चला करो!" काहून बोललो असं? शेजारी बसलेली माझी मुलगी मागे वळून त्या म्हाताऱ्याकडे पाहत होती.

घरी आल्यावर तिला म्हटलं, "उद्याच काढतो ती तार."

"काढा. पण बाबा, चूक त्यांची नव्हती, हे त्या आजोबांना कोण सांगेल?"