दोन बोटांनी ओढलेला डोंगर

भिलाई,
२ डिसेंबर १९५८

प्रिय सत्यभामा,

सर्वप्रथम तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार. लिंबाच्या लोणच्याची बरणी तू अशी बांधलीस, की ती उघडायला आमच्या सर्वेक्षण खात्याची तीन माणसं आणि एक रशियन अभियंता लागला. शेवटी कापड फाटलं. गाठ तशीच आहे. लोणचं उत्तम, हे नाइलाजानं नमूद करतो. दुसरी बातमी अशी, की राजहऱ्याच्या डोंगरातून लोहदगडाची पहिली भरलेली गाडी येत्या रविवारी खाली उतरेल, आणि तिच्या इंजिनात आपला बळीराम कोळसा टाकणार आहे.

ही गाडी होतच नाही असं मध्यंतरी वाटलं होतं. इथल्या पोलाद कारखान्यापर्यंत दगड आणायचा कशानं, यावर दोन वर्षांपूर्वी इथे मोठा शास्त्रार्थ झाला. पूर्वपक्ष गुलाबरावांचा, त्यांचा जन्म कालव्यांवर गेला. इथला धानाचा कालवा रुंद करून डोंगरापर्यंत न्या, होड्या सोडा, म्हणत. उत्तरपक्ष रेल्वेच्या शेषराव मेश्रामांचा. मध्ये मी, जमिनीचे चढउतार मोजणारा. एक दिवस गुलाबरावांनी कालव्यात खरोखरच होडी आणवली, दहा बैलगाड्यांचा दगड तिच्यात भरला आणि दोर माझ्या हाती दिला. "ओढा पंडितजी, दोन बोटांनी!" ओढला. आधी काहीच झालं नाही. मग तो तांबडा ढीग आवाज न करता माझ्याकडे यायला लागला. अंगावर काटा आला गं. उपनिषदं शिकताना आला नव्हता, हे गुरुजींना कळवू नकोस. माझी मोजणीची पट्टी धरणारा चिंधू तर ओरडलाच, "साहेब, मले द्या, आख्खा डोंगर घेऊन येतो!"

शेषरावांनी दोर हातात घेऊन पाहिला. गुलाबरावांना म्हणाले, "काका, होडी सोन्यासारखी हाये. पण डोंगरावरून तिले उतरवाले पाण्याच्या पायऱ्या लागतीन, दर पायरीले दरवाजा. दर होडीमागं इतकं पाणी सोडसान, त धानाले काय देसान?" सगळे माझ्याकडे वळले. उतार किती? माझ्या वहीतल्या आकड्यांनी गुलाबराव हरले. "धानालेच जाऊ द्या पाणी," एवढंच म्हणाले, आणि स्वतः उभं राहून होडी रिकामी करवली.

काल रिकामी गाडी वर जाताना पाहिली. तेवढं लांबलचक लोखंड वळणावर अलगद वळलं. ते वळण मी दोन उन्हाळे तापून आखलेलं. जमीन पायांखाली थरथरत होती. मी टोपी काढून उभा राहिलो. कोणासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

आता खरं लिहितो. माझे सगळे आकडे मी या आठवड्यात तीनदा तपासले. बरोबर आहेत. पण रिकामे डबे चढवताना काल इंजिनाला लागलेली धाप मी ऐकली, आणि तेच डबे भरून त्याच उतारावरून येणार आहेत. हा उतार चालेल, असं सही करून मीच लिहून दिलं. तेव्हा गाडीवर आपला मुलगा असेल हे ठाऊक नव्हतं. त्याला काही बोललो नाही, तो फार खुशीत आहे. तू शनिवारच्या पॅसेंजरनं दुर्गला ये. मला भीती वाटते, आणि रविवारी मला तिथे एकट्यानं उभं राहवणार नाही.

तुझाच,
शालिकराम