हिसडा देऊन बघितलेलं कुलूप

आबा,

तुमच्या धाकट्याला पोलिसांनी धरलंय. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो कामाला होता, तिथल्याच गोदामातून पितळेच्या भंगाराचं पोतं काढताना. उद्या कोर्टात त्याला जामीन राहायचं की नाही, एवढंच मला ठरवायचंय, आणि डोकं चालेना झालंय. आई स्टोव्हपुढं बसून एकच म्हणते, "आण त्याला घरी." बायको घरातली कपाटं नीट लावून घेते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. पण चोर या विषयात तुमच्याइतकं ठाम मत असलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

तुमची सगळी फौजदारकी एका दिव्यात आणि एका कुलपात मावायची. बोळातला दिवा फुटला की नगरपालिकेचा माणूस शिडीवर चढेपर्यंत तुम्ही जेवत नव्हता. "दिवा फुटला की माणूस आधी थुकतंय, मग शिव्या देतंय, मग चाकू काढतंय. मी थुकतानाच धरतो." शेजारचे कॉलेजातले मास्तर एकदा म्हणाले, चोरी गरिबीतून होते. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "गरीब माझा बा बी हुता, मास्तर. त्यानं चोरी केली न्हाय, आमास्नी नुसता मार दिला. चोर हिशेबी माणूस हाय. मिळकत बघतो, मार बघतो. मार वाढवा, त्याचं दुकान बंद पडतंय."

अजून डोळ्यांपुढं येतं: दिवेलागणीची वेळ आहे. दुकानं बंद होतायत आणि तुम्ही पेठेतून प्रत्येक कुलपाला हिसडा देत चाललाय. एखादं नीट न बसलेलं कुलूप हातात येतं. तुम्ही आत जाऊन तराजू उचलता आणि चौकीत नेऊन ठेवता. सकाळी दुकानदार तोंड पाडून येतो. "चोरीला दोघं लागत्यात, पावणं. एक चोर, दुसरा तू." मी घरात पुस्तकात तोंड घालून बसायचो, फेरीला तुमच्याबरोबर असायचा धाकटा. कुठलं कुलूप बसलंय, कुठलं नुसतंच लोंबतंय, हे त्याला हात लावताच कळायचं. तुम्ही चारचौघांत कौतुक करायचा, "ह्याच्या हाताशी कुलूप बोलतंय."

काल चौकीत गेलो. तुमच्या हाताखालचा हवालदार आता म्हातारा झालाय. त्यानं मला चहा पाजला आणि अदबीनं म्हणाला, "तोडलं न्हाय कुलूप. हिसड्यात उघडलंय. साहेबांचाच हात की हो." हसावं की कसं, कळेना, आणि लोकांना हसवणं हा तर माझा धंदा. धाकटा गजांपलीकडं उकिडवा बसला होता. पाठमोरा अगदी तुमच्यासारखा दिसतो.

"पैसे लागत होते?" मी विचारलं.

"न्हाय."

"मग?"

"मालकानं कुलूप वढून बघितलंच न्हवतं, दादा." जणू तक्रार नोंदवायला तोच आला होता.

आता मी काय समजू? हिशेब म्हणाल, तर एका पोत्यापायी त्यानं नोकरी घालवली, आईची झोप घालवली. असला हिशेब पहिलीतलं पोर करणार नाही. घरात शिस्त कमी पडली म्हणाल, तर अजून शिस्त मावली कुठं असती? पट्टा आम्ही दोघांनी सारखा वाटून खाल्ला. त्याच पट्ट्याखालून एक विनोदी लेखक निघाला आणि एक चोर, आणि दोघंही दुसऱ्याचं उघडं राहिलेलं शोधूनच जगतोय. तुम्ही म्हणाला असता, आत राहू दे. तो आत आहे तेवढे दिवस तरी गाव निवांत झोपतं. हे वाक्य मी एकदा माझ्या सदरात घातलं होतं. लोक फार हसले. आज ते मनातल्या मनात म्हणून बघितलं, तर अर्ध्यातच सोडून दिलं.

मी जामीन राहणार आहे. आईला तसं सांगितलंय. ती लगेच तांदूळ निवडायला बसली, त्याला भात लागतो म्हणून.

तेवढ्यात मी महाद्वार रोडवर जाऊन आलो. एक नवीन कुलूप आणलं आणि आईच्या पाटल्या असतात त्या कपाटाला लावलं. हिसडा देऊन बघितला. बसलं होतं. पुन्हा दिला. हे पत्रही त्याच कपाटात टाकणार आहे. कुलूप पक्कं आहे, आबा, त्याची भीती नाही. उद्यापासून तो त्याला हात लावतोय का, हे मी दाराआड उभा राहून ऐकत बसणार, त्याची वाटते.